ओळीत राहून उठून दिसणारे अक्षर

शब्दकोश कुणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. हवा तो शब्द शोधताना डोळा पानावरचा बहुतेक मजकूर ओलांडतो, जाड छापलेल्या शब्दांवर टेकत टेकत खाली उतरतो आणि नेमक्या जागी थांबतो. रेल्वेचे वेळापत्रक, कायद्याचे पुस्तक, औषधाच्या खोक्यातली घडीची पुरवणी, पाककृतींचा संग्रह, हे सगळे आपण वाचतो असे म्हणतो. खरे तर त्यांत आपण शोधत असतो. त्या शोधाला हात देणारा ठळक शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो छपाईच्या बरोबरच जन्मला असेल असे वाटावे. तसे झालेले नाही. गुटेनबर्गचे बायबल पंधराव्या शतकाच्या मध्यावर छापून झाले आणि त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षे युरोपातल्या जुळाऱ्यांच्या खणांत रोमन, म्हणजे साध्या उभ्या वळणाच्या, मजकुराच्या जोडीला म्हणून मुद्दाम घडवलेला ठळक खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर, नव्हता. तो १८४५ साली लंडनमध्ये क्लॅरेंडन या नावाने विक्रीला आला. अक्षरांच्या शौकिनांमध्ये क्लॅरेंडनची तारीफ होते ती त्याच्या गोलाईची, भारदस्तपणाची, जुन्या वळणाची. ती तारीफ योग्यच आहे, पण तिच्यात मुख्य गोष्ट निसटते. क्लॅरेंडनने छापील पानाला जे दिले ते एका नव्या आकारापेक्षा मोठे होते. शेजारच्या साध्या अक्षराशी जाड अक्षराने कसे वागावे, याचा तो पहिला नीट विचार होता. त्याचे रूप त्या विचारातून आले आहे आणि पुढच्या पावणेदोनशे वर्षांत त्याचे जे भले-बुरे झाले, तेही हा विचार कुणी पाळला आणि कुणी सोडला यावरून कळते.

आधीच्या छापखान्यांना शब्द उठवून दाखवायची गरज पडत नव्हती असे मुळीच नाही. हस्तलिखितांत लाल शाई होती आणि सुरुवातीच्या छापील धर्मग्रंथांतही ती टिकली. पण दोन रंगांसाठी कागद यंत्राखालून दोनदा काढावा लागतो, म्हणजे वेळ दुप्पट आणि चुकीची शक्यताही दुप्पट. सोळाव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने तिरकी, इटालिक अक्षरे वापरात आणली. ती आधी संपूर्ण पुस्तके छापण्यासाठी होती, नंतर हळूहळू रोमन मजकुरातला एखादा शब्द वेगळा काढण्यासाठी रुळली. कॅपिटल अक्षरे होतीच. इंग्लंडात कायद्याच्या छपाईत जुने काळे गॉथिक वळण बराच काळ टिकून राहिले, तेव्हा रोमनच्या मध्ये ते किंवा त्याच्या मध्ये रोमन घालून फरक दाखवता येई. जर्मन छापखाने शब्दाच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून जोर दाखवत. हे सगळे उपाय वाचणाऱ्यासाठी ठीक होते. ओळ वाचताना इटालिक शब्द आला की आवाज किंचित बदलतो, जोर कळतो. पण हात लांब करून धरलेल्या पानावर इटालिक शब्द दिसतच नाही, कारण त्याचा काळेपणा आजूबाजूच्या मजकुराइतकाच, किंबहुना थोडा कमीच असतो. शोधणाऱ्या डोळ्याला वळणातला फरक उशिरा कळतो, काळेपणातला फरक आधी.

काळेपणा आला तो मात्र पुस्तकवाल्यांकडून नव्हे, भिंती रंगवणाऱ्यांच्या धंद्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिराती, नाटकांची पत्रके, लिलावाच्या सूचना आणि घोडागाड्यांची वेळापत्रके एकाच भिंतीवर एकमेकांच्या अंगावर चढत होती. रॉबर्ट थॉर्न या अक्षर ओतणाऱ्याने १८०३च्या सुमारास ज्याला फॅट फेस म्हणतात ते वळण आणले. बोदोनी आणि दिदो यांच्या नाजूक अक्षरांतली उभी रेघ फुगवून पिंप केलेली आणि आडवी रेघ तशीच केसासारखी बारीक ठेवलेली, असे ते रूप. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच व्हिन्सेंट फिगिन्सने अँटिक नावाचे अक्षर दाखवले. त्यात उभी-आडवी सगळीच अंगे जाड होती आणि अक्षराच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्याही विटेसारख्या जाड आणि काटकोनात ठोकलेल्या होत्या. या घराण्याला पुढे इजिप्शियन असेही नाव पडले. दुरून वाचायला ही अक्षरे उत्तम. पण तीच लहान आकारात ओतून पुस्तकाच्या ओळीत बसवली की कुजबुजत्या बैठकीत कुणी ढोल बडवावा तसे होई. शब्द दिसे, पण ओळ मोडे. त्याच्या रुंदीमुळे अरुंद रकान्यात जागा पुरत नसे आणि त्याची पोटे, म्हणजे अक्षराच्या आतली पांढरी जागा, शाईने भरून जाई.

फॅन स्ट्रीटवरची टाइप फाउंड्री मूळ या थॉर्नचीच. तो वारल्यावर १८२० मध्ये विल्यम थोरोगुडने ती विकत घेतली, आणि ती घ्यायला लागलेला पैसा त्याला लॉटरीत मिळाला होता असे सांगतात. जिच्या जाहिरातींनी जाड अक्षरांना पोसले त्या लॉटरीनेच जाड अक्षरांची फाउंड्री चालू ठेवावी, हा योगायोग मजेशीर आहे. थोरोगुडकडे कामाला लागलेला आणि पुढे भागीदार झालेला रॉबर्ट बेसली हा मुळात विक्रीच्या अंगाचा माणूस; छापखानेवाल्यांना नेमके काय नडते हे त्याला ठाऊक होते. पोलादी पंच, म्हणजे अक्षराचे मूळ ठसे, कोरणारा कारागीर होता बेंजामिन फॉक्स. या दोघांनी मिळून जे अक्षर काढले त्यात अँटिकचा जाडपणा होता, पण तो आवरलेला होता. अक्षर अरुंद केले, म्हणजे तेवढ्याच जागेत शब्द मावेल. उभी रेघ आणि आडवी रेघ यांच्यात थोडा फरक राखला, म्हणजे शेजारच्या साध्या अक्षराशी त्याचे रक्ताचे नाते वाटेल. लहान लिपीतल्या अक्षरांचे धड उंच ठेवले आणि वर-खाली जाणारी टोके आखूड केली, म्हणजे आतली पोटे मोकळी राहतील. आणि सेरिफ जाड ठेवूनही ती उभ्या रेघेला काटकोनात न ठोकता कमानीसारख्या वळणाने जोडली. इंग्रजी ए, सी, आर यांच्या टोकांना गोळ्यासारखा थेंब आणि मोठ्या आरच्या पायाला वर वळलेली शेपटी ही त्या घराण्याची ओळख, ती पाहताक्षणी कळते. पण मला महत्त्वाची वाटते ती जाहिरातीची भाषा. फाउंड्रीने आपल्या नमुन्यात सांगितले ते असे की हे अक्षर शब्द उठवून दाखवते पण बाकीच्या ओळींना बुडवत नाही. जाड अक्षर विकताना त्याच्या संयमाची जाहिरात करणारा बहुधा हा पहिलाच विक्रेता असेल.

कमानीचे ते वळण नुसते शोभेचे नाही. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा खिळा हजारो वेळा दाबाखाली येतो. फॅट फेसमधली केसासारखी रेघ अशा दाबात झिजते, तुटते. जाड रेघेला भरपूर शाई लागते म्हणून दाब वाढवावा, तर बारीक रेघ आणखी लवकर मोडते. म्हणजे एकाच अक्षरात दोन परस्परविरोधी गरजा. क्लॅरेंडनमध्ये सगळ्यात बारीक रेघसुद्धा बऱ्यापैकी जाड आहे आणि सेरिफ जिथे उभ्या रेघेला मिळते तिथे धातूचा भराव आहे. त्यामुळे खिळा टिकाऊ, आणि शिवाय साध्या मजकुराबरोबर एकाच चौकटीत, एकाच शाईत, एकाच दाबात छापता येणारा. ही शेवटची गोष्ट छापखान्याच्या हिशोबात फार मोठी. लाल शाईने जे दोन फेऱ्यांत साधायचे ते इथे एका फेरीत साधले. जुळाऱ्याला फक्त दुसऱ्या खणातून खिळे उचलायचे होते.

यावर इतिहासाचे अभ्यासक एक आक्षेप घेतील आणि तो टाळता येणार नाही. क्लॅरेंडन खरोखर पहिले होते का? मायकेल ट्वायमन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ठळक अक्षरांचा बारकाईने मागोवा घेतला आहे, आणि १८४५च्या आधीही मजकुरात एखादा शब्द उठवण्यासाठी इजिप्शियन किंवा फॅट फेस अक्षरे वापरली जात होती हे त्यातून दिसते. कॅसलनच्या फाउंड्रीचे आयोनिक नावाचे जवळपास तशाच घडणीचे अक्षरही त्याच दशकातले. मग श्रेय बेसलीला का? माझे उत्तर असे की गरज आधी होती, हे तर या पुराव्याने उलट पक्के होते. लोक भिंतीवरची अक्षरे पुस्तकात घुसडत होते, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. असलेल्या वस्तूचा नवा वापर करणे वेगळे, आणि त्या वापरासाठीच वस्तू घडवणे वेगळे. क्लॅरेंडनची रुंदी, धडाची उंची, जाडीतला माफक फरक हे सगळे निर्णय साध्या मजकुराशेजारी उभे राहण्याच्या कामातून घेतलेले आहेत. कल्पना हवेत होती. ती पोलादात उतरली फॅन स्ट्रीटवर. याहून मोठा दावा कुणी करू नये आणि याहून लहानही करायचे कारण नाही.

बेसलीलाही आपण काय केले हे कळले असावे, कारण त्याने हे अक्षर ब्रिटनच्या सजावटी नमुन्यांच्या नव्या कायद्याखाली नोंदवून घेतले. संरक्षण मिळाले तीन वर्षांचे. मुदत संपताच इतर फाउंड्रींनी नकला काढल्या आणि इंग्लंडच्या छापखान्यांत क्लॅरेंडन हे कुठल्याही ठळक अक्षराचे सामान्यनाम होऊन बसले. अक्षराच्या आकारावर मालकी असावी का, हा वाद आजही मिटलेला नाही. अमेरिकेत १९७८ च्या एका खटल्यात न्यायालयाने अक्षराच्या रूपाला कॉपीराइट नाकारला. बेसलीचे नुकसान मात्र फार झाले नसावे. तो १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

नकलांबरोबर अक्षर अटलांटिक ओलांडून गेले आणि तिथे त्याचे रूप बिघडले, किंवा फुलले. ज्याची जशी आवड. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडातून मोठी अक्षरे कोरायचे फिरत्या पात्याचे यंत्र आणले होते, आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली. मूळ नमुन्यावरून काटा फिरवला की हव्या त्या मापाचे अक्षर मेपलच्या आडछेदाच्या ठोकळ्यात कोरून निघे. धातूचे मोठे खिळे जड, महाग आणि ओतताना वाकडे होणारे. लाकडी खिळे हलके आणि स्वस्त. पँटोग्राफमुळे तेच अक्षर ताणता, दाबता, चिरडता येऊ लागले. फ्रेंच क्लॅरेंडन म्हणून जे वळण गाजले त्यात सेरिफ उभ्या रेघेपेक्षाही जाड, आणि अक्षर चिमटीत धरल्यासारखे अरुंद. सर्कशीची पत्रके, बक्षिसाच्या घोषणा, फरारी आरोपींची भित्तिपत्रके यांवर ते इतके दिसले की आज सिनेमात घोडेस्वार आणि दारूचा गुत्ता दाखवायचा तर त्याच्या पाटीवर हेच अक्षर येते. ही अक्षरे देखणी आहेत हे कबूल. पण बेसलीने जी मर्यादा घातली होती ती इथे पार सुटली. शेजारी साधा मजकूर उरलाच नाही. प्रत्येक ओळ दुसरीपेक्षा मोठ्याने ओरडते. मी या वापराला क्लॅरेंडनचा विजय मानत नाही. ती फॅट फेसची जुनी भिंतच होती, नव्या लाकडात.

मूळ काम दुसरीकडे शांतपणे चालू होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये बाहेर पडला. संपादक जेम्स मरी यांच्यापुढचा प्रश्न मांडणीचाही होता. एका नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थांचे पोटभेद आणि शतकानुशतकांची अवतरणे. हे सगळे तीन अरुंद रकान्यांत. त्यांनी मूळ शब्दाला क्लॅरेंडन दिले. अवतरणे बारीक टाइपात गेली, वर्षेही ठळक झाली, आणि वाचक एकाच नोंदीत तीन वेगवेगळ्या वेगांनी फिरू शकला: शब्द शोधणारा एका वेगाने, अर्थ पाहणारा दुसऱ्या, इतिहास चाळणारा तिसऱ्या. अमेरिकी रेल्वेच्या वेळापत्रकांनी तर याहून पुढची गंमत केली. दुपारनंतरच्या वेळा ठळक आणि सकाळच्या साध्या छापायचा प्रघात तिथे पडला, म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे सकाळ-संध्याकाळ लिहायची गरज संपली. इथे ठळकपणा जोर दाखवत नाही, अर्थच वाहून नेतो. एकच आकडा साधा असला तर एक गाडी, ठळक असला तर दुसरी.

याविरुद्ध मुद्रणकलेतल्या शुचिर्भूत मंडळींचा जुना आक्षेप आहे. बिॲट्रिस वॉर्ड यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी मांडलेला विचार प्रसिद्ध आहे: चांगली छपाई काचेसारखी पारदर्शक असावी, वाचकाला तिच्यातून अर्थ दिसावा, ती स्वतः दिसू नये. या कसोटीवर ठळक अक्षर नापास होते, कारण दिसणे हाच त्याचा धंदा. शिवाय लेखकाने वाक्य नीट रचले तर जोर कुठे द्यायचा हे वाचकाला सांगावे लागत नाही, असेही म्हणता येईल, आणि कथा-कादंबरीपुरते ते मला पटते. दर तिसरा शब्द जाड करणारी पाठ्यपुस्तके आणि जाहिरातवजा पत्रके वाचताना तर या मंडळींना साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो. पण त्यांचा वाचक एका विशिष्ट प्रकारचा आहे. तो आरामखुर्चीत बसून पहिल्या ओळीपासून वाचतो. कोश, कायदा, औषध आणि वेळापत्रक वाचणारा माणूस घाईत असतो. मिनेसोटा विद्यापीठात डोनाल्ड पॅटरसन आणि माइल्स टिंकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाचनवेगाच्या असंख्य चाचण्या घेतल्या. त्यांत संपूर्ण मजकूर जाड छापला तरी वाचनाचा वेग फारसा बदलला नाही, मात्र बहुतेक वाचकांनी साध्या टाइपालाच पसंती दिली. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत छापल्यावर वेग चांगलाच घटला. म्हणजे शब्द उठवायचा असेल तर कॅपिटलपेक्षा ठळक अक्षर डोळ्याला कमी त्रासाचे, आणि ते मजकूरभर पसरले तर वाचकाला नकोसे. बेसलीच्या नमुन्यातला दावा यापेक्षा फार वेगळा नव्हता.

क्लॅरेंडनच्या कहाणीतले सगळ्यात कमी सांगितले जाणारे प्रकरण वर्तमानपत्रांचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दैनिके रोटरी यंत्रावर, स्वस्त कागदावर, भरधाव छापली जात. जुळवलेल्या पानाचा कागदी लगद्यात ठसा घ्यायचा, त्यावरून गोल पत्रा ओतायचा आणि तो यंत्रावर चढवायचा. या प्रत्येक टप्प्यावर अक्षराचा बारकावा थोडा हरवतो आणि शेवटी खरखरीत कागद शाई पसरवतो. नाजूक अक्षरांचा त्यात चिखल होई. लायनोटाइप कंपनीच्या चॉन्सी ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये आयोनिक क्रमांक ५ हे अक्षर काढले, आणि ते बेतले होते एकोणिसाव्या शतकातल्या आयोनिक-क्लॅरेंडन घडणीवर. जाडी साध्या मजकुराइतकी उतरवली. मोठे धड, मोकळी पोटे, जवळपास एकसारखी रेघ आणि दणकट सेरिफ तशीच ठेवली. ते थोड्याच काळात असंख्य दैनिकांनी उचलले आणि त्यातून एक्सेल्सियर, कोरोना अशी अक्षरे पुढे आली. मजकुराला साथ द्यायला जन्मलेले ठळक अक्षर ऐंशी वर्षांनी स्वतःच मजकूर झाले. ही घडण नुसत्या जाडीवर उभी असती तर जाडी काढून घेतल्यावर ती कोसळली असती.

१९५० नंतर क्लॅरेंडन पुन्हा फॅशनमध्ये आले. १९५३ मध्ये हर्मन आयडेनबेंझ यांनी स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी त्याची नवी आवृत्ती काढली, आणि १९५५ मध्ये फ्रीमन क्रॉ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी आणखी रुंद, ऐसपैस अशी दुसरी. याच हासने १९५७ मध्ये जे बिनसेरिफचे अक्षर आणले ते पुढे हेल्व्हेटिका नावाने जगभर पसरले, तेव्हा आधुनिकता म्हणजे सेरिफ कापून टाकणे हा समज त्या फाउंड्रीच्या वहीखात्याशी तरी जुळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्या अनेक वर्षे क्लॅरेंडनमध्ये होत्या. सोनी, होंडा, व्हॉल्वो यांची नावे खास रेखाटलेली असली तरी याच जाड-सेरिफ घराण्यातली आहेत. आज कॉफीची दुकाने आणि हाताने बनवलेल्या साबणांची वेष्टने या वळणाच्या मागे असतात ती मुख्यतः जुनेपणाचा आभास विकण्यासाठी, आणि त्यावरून क्लॅरेंडन ही आता केवळ स्मरणरंजनाची वस्तू आहे असे कुणी म्हणाले तर रागावता येत नाही. पण उद्यानांच्या पाट्यांवरून ते गेले ते जुनाट वाटले म्हणून नव्हे. जेम्स मोंटाल्बानो यांचे रॉलिन्सन हे नवे अक्षर कमी जागेत मावते आणि दुरून नीट वाचता येते, म्हणून बदल झाला. आणि रॉलिन्सनलाही सेरिफ आहेतच. क्रॉच्या रुंद आवृत्तीच्या काळात विसरलेली अरुंदपणाची गरज पाटीने पुन्हा आठवायला लावली, एवढाच त्याचा अर्थ.

आता सगळ्यात रोखठोक आक्षेप: संगणकावर शब्द निवडून ठळकचे बटण दाबले की काम होते, मग स्वतंत्र अक्षराची एवढी चर्चा कशाला? बटणामागे काय घडते ते पाहिले की उत्तर मिळते. फॉन्टमध्ये ठळक आवृत्ती खरोखर रेखाटलेली असेल तर बटण ती उचलते. नसेल तर संगणक साध्या अक्षराची कड सगळीकडून सारखीच फुगवतो किंवा तेच अक्षर किंचित सरकवून दुसऱ्यांदा काढतो. बारीक रेघ आणि जाड रेघ यांतला फरक पुसला जातो, पोटे बुजतात, शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात. १८४५च्या आधीच्या छापखान्यांची जी अडचण होती ती एका क्लिकमध्ये परत येते. म्हणूनच अक्षर घडवणारे आजही ठळक आवृत्ती वेगळी काढतात. आणि २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणलेल्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये जाडी अखंड कमी-जास्त करता येत असली तरी तिची दोन टोके माणसालाच रेखाटावी लागतात.

मराठी वाचकासाठी हा प्रश्न इंग्रजी वाचकापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. तिरके वळण यंत्राने आणता येते, पण ते लिपीच्या परंपरेतले नाही आणि शिरोरेघेखाली लटकणाऱ्या अक्षरांना शोभतही नाही. म्हणजे शब्द उठवण्याची इंग्रजीची दोन जुनी साधने इथे मुळातच गैरहजर. उरतो तो ठळकपणा आणि अवतरणचिन्हे. आणि हा ठळकपणा मिळवणे खिळ्यांच्या काळात फार महाग होते. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभारला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी पंच कोरले, त्या परंपरेत एका मापाचा देवनागरी टाइप म्हणजे काना-मात्रा आणि जोडाक्षरांसकट शेकडो खिळे. इंग्रजीचा संच त्या मानाने आटोपशीर. त्यातच ठळक आवृत्ती काढायची तर सगळे शेकडो पंच दुसऱ्यांदा कोरायचे, तेही प्रत्येक मापासाठी. जुन्या मराठी पुस्तकांत एखादा शब्द उठवण्यासाठी सरळ मोठ्या मापाचा टाइप लावलेला दिसतो त्यामागे अभिरुचीपेक्षा हा खर्च जास्त असावा.

आणि खर्च बाजूला ठेवला तरी आकाराची अडचण उरते. देवनागरीत वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये म, भ यांच्या गाठी, ण आणि ष यांच्या आतल्या अरुंद फटी, क्ष आणि ज्ञ यांची गुंतागुंत. शिरोरेघ जाड केली की ती खालच्या अक्षराची उंची खाते, उभी रेघ जाड केली की शेजारची फट बुजते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या मोदक या अक्षरात हा प्रश्न उलटा टाकून सोडवला आहे: अक्षर इतके जाड केले की आतली पोटे नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा झाल्या आणि त्या रेघांवरूनच अक्षर ओळखू येते. शीर्षकाला ते झकास, पण परिच्छेदात त्याचा एक शब्द टाकला की फॅट फेसचा ढोल पुन्हा ऐकू येईल. त्याच संस्थेचे मुक्ता मात्र सात वजनांत आहे, आणि त्याचा उपयोग मजकुराशेजारी होतो. इंग्रजी आणि मराठी एकाच ओळीत येणाऱ्या छपाईत तर आणखी एक पेच असतो. दोन्ही लिप्यांची उभी रेघ मोजून सारखी जाड केली, तर देवनागरी शब्द जास्त काळा दिसतो, कारण एका अक्षरात तिच्या रेघा जास्त असतात. म्हणून चांगला कारागीर देवनागरीची ठळक रेघ इंग्रजीच्या ठळक रेघेपेक्षा थोडी बारीक ठेवतो आणि मोजपट्टीवर न जुळणाऱ्या त्या दोन जाड्या पानावर सारख्या दिसतात.